आधी नजर कुठे जाते ते बघा

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते आहे आणि तिच्या वहीत शाळेतल्या बाईंनी उतरवून दिलेले शब्द त्यांनी वाचले: गती, लय, समतोल, रंगसंगती. ते लिहितात, “मी रोज लोकलने सीएसएमटीला जातो, दिवसभर आकड्यांचं काम करतो. मुलगी विचारते, चित्र तर जागचं हलत नाही, मग त्यात गती कशी? मला सांगता येत नाही. हे सगळं फक्त चित्रातच असतं की रोजच्या जगण्यातही दिसतं? दिसत असेल तर मला का दिसत नाही? आणि बेचाळिसाव्या वर्षी हे शिकता येईल का?”

तुम्हाला ते दिसतं, आणि रोज दिसतं. दिसल्याची नोंद मात्र होत नाही. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता गिरगावात घरीच वर्ग घेते आणि त्यात मुलांइतकीच मोठी माणसंही येतात. बँकेतून निवृत्त झालेली, दवाखाना चालवणारी, घर सांभाळणारी. या मोठ्यांचं अडतं ते शब्दांपाशी. समतोल म्हणजे काय, लय म्हणजे काय, याच्या व्याख्या पाठ करायच्या आणि मग समोरच्या दृश्यात त्या शोधायला जायचं, असा त्यांचा क्रम असतो. त्यातून काही हाती लागत नाही. मी त्यांना शब्द महिनाभर बाजूला ठेवायला सांगते. समोर काहीही येऊ दे, एवढंच बघायचं: आपली नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, कुठे जाऊन थांबली.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चित्र हलत नाही, पण बघणाऱ्याची नजर सतत हलत असते. हात लांब करून अंगठा समोर धरा. साधारण त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागातलंच आपल्याला एका वेळी अगदी स्वच्छ दिसतं, बाकी सगळं कमीअधिक धूसर असतं. तरीही सगळं जग स्पष्ट दिसल्यासारखं वाटतं, कारण डोळे सेकंदाला दोन-तीन वेळा इकडून तिकडे उड्या मारत तुकडे गोळा करत असतात. कुठल्या तुकड्यावरून कुठे जायचं हे बहुतेक वेळा आपण ठरवत नाही. समोरच्या रेषा, उजेड आणि रंग ठरवतात. चित्रकार त्यांची मांडणी अशी करतो की नजरेला वाट मिळावी. त्या वाटेला चित्रातली गती म्हणतात. तुमच्या मुलीला एवढं सांगितलंत तरी तिचा निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा तिने स्वतः बघितल्यावर सुटेल.

आता तुमचा लोकलचा डबाच घ्या. सकाळच्या गर्दीत नव्हे, सुटीच्या दिवशी किंवा उलट दिशेच्या गाडीत, जेव्हा मान वर करायला जागा असते. छताखालच्या दांड्यांना ओळीने हँडलं लटकलेली असतात. सारखा आकार, सारखं अंतर. नजर पहिल्यावर पडली की आपोआप दुसऱ्यावर, तिसऱ्यावर जात जात डब्याच्या टोकाला पोहोचते. ही लय. जवळची हँडलं मोठी आणि सुटी सुटी दिसतात, लांबची लहान होत एकमेकांना चिकटत जातात, त्यामुळे नजर जाता जाता वेगही घेते. मग मोटरमन ब्रेक लावतो आणि सगळी हँडलं एकदम पुढे झुकतात. एकदा दादरहून परत येताना अशीच बघत बसले होते. ओळीतल्या एकाच हँडलला हिरवा चुडा भरलेला हात होता. बाकीची सगळी झुकली, ते एक जागच्या जागी राहिलं आणि बांगड्या मात्र मनगटावरून सरकन खाली कोपराकडे घसरल्या. माझी नजर तिथून हलेना. ती मुलगी कोण, कशी दिसत होती, काही आठवत नाही. तिचा चेहरा मी बघितलाच नव्हता. पण ती रचना मी घरी आल्याबरोबर कागदावर काढली, आणि आजही वर्गात ‘केंद्रबिंदू’ शिकवताना फळ्यावर तेच काढते. एकसारख्या गोष्टींची ओळ नजरेला चालवते आणि त्या ओळीतली एक वेगळी गोष्ट तिला थांबवते. ओळच नसती तर तो हात वेगळा दिसला नसता.

खिडकी मिळाली तर आणखी एक बघा. रुळालगतचे खांब सपासप मागे पळतात, पलीकडच्या इमारती सावकाश सरकतात, आणि मुंब्र्याचा डोंगर तुमच्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो. जवळचं जोरात, लांबचं हळू, फार लांबचं जवळजवळ स्थिर. कागदावर हालचाल दाखवता येत नाही तेव्हा चित्रकार हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडतो: जवळच्या वस्तू मोठ्या, गडद आणि स्पष्ट कडांच्या, लांबच्या फिकट, निळसर आणि कडा विरघळलेल्या. पावसाळ्यात मुंब्र्याचा डोंगर बघताना हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाच्या पडद्यामागे तो राखाडी-निळा होतो आणि रुळाकडेचं गवत इतकं हिरवं होतं की डोळ्यात भरतं.

रेषांबद्दल माझं एक साधं सांगणं असतं, आणि ते शरीरावरून सांगितलं की मुलांना लगेच पटतं. माणूस झोपतो तेव्हा आडवा असतो, उभा राहतो तेव्हा ताठ, आणि धावतो तेव्हा पुढे झुकलेला. म्हणून आडव्या रेषेवर नजर विसावते, उभ्या रेषेवर ती चढते आणि तिरक्या रेषेवर घसरते. लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या तिरप्या का, सरळ आडव्या का नाहीत, हा प्रश्न मुलीला विचारून बघा. गाडीच्या सगळ्या रेषा आडव्या आहेत: रूळ, छप्पर, खिडक्यांची ओळ, प्लॅटफॉर्मची कड. त्यात आणखी एक आडवी पट्टी मारली तर ती इतरांत मिसळून जाईल. तिरपी पट्टी सगळ्यांना छेद देते, म्हणून येणाऱ्या गाडीतही लांबून ओळखू येते. ज्याने कुणी ते ठरवलं त्याला रचना कळत होती.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर ओव्हल मैदानासारखी जागा मुंबईत दुसरी नाही, आणि तुमच्या सीएसएमटीहून ते चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मैदानाच्या मधून जी पायवाट जाते तिच्यावर मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, एकोणिसाव्या शतकातलं व्हिक्टोरियन गॉथिक बांधकाम. पश्चिमेला १९३०च्या दशकात उभी राहू लागलेली आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. पण यादी विसरा आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघा.

पूर्वेकडे तोंड केलं की मान वर जाते. टोकदार कमानी, निमुळते कळस, उंच बारीक खांब, सगळं वर निर्देश करणारं. नजर जमिनीपासून सुरू होते, कमानीच्या टोकाशी एकवटते, तिथून पुढच्या टोकाला उडी घेते आणि शेवटी राजाबाई टॉवरच्या शेंड्याला जाऊन लागते. १८७८ साली पूर्ण झालेला तो मनोरा साधारण ८५ मीटर उंच आहे. आज मुंबईत त्याच्या तिप्पट उंच इमारती आहेत, तरी त्या बघताना मान अशी खेचली जात नाही. कारण उंची नुसती मीटरमध्ये नसते. टॉवर वर जाताना टप्प्याटप्प्याने अरुंद होतो, प्रत्येक टप्प्यावर नजरेला पायरी मिळते. काचेच्या सपाट इमारतीवर नजरेला पाय ठेवायला जागा नसते.

आता पाठ वळवून पश्चिमेकडे बघा. मान खाली येते आणि नजर डावी-उजवीकडे वाहायला लागते. या इमारती पाच-सहा मजली, पण त्यांच्यावर आडव्या पट्ट्या आहेत. खिडक्यांवरचे छज्जे एका ओळीत जातात, गॅलऱ्यांचे कोपरे गोल केलेले असतात, त्यामुळे रेष कोपऱ्यावर अडखळत नाही, वळून पुढे जाते. तो काळ मोटारींचा, आगबोटींचा, विमानांचा होता. वेगाचं सगळ्यांना आकर्षण होतं. दगड-सिमेंटची इमारत धावू शकत नाही, म्हणून वास्तुकारांनी तिच्यावरून नजर धावेल अशी सोय केली. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर मला कुठल्या चित्रातही दाखवता आलेलं नाही. शंभर वर्षं होत आली, इमारती जागच्या हललेल्या नाहीत, आणि त्यांच्यात गती आहे.

आणि मध्ये मैदान. त्यावर पांढऱ्या कपड्यांतली क्रिकेट खेळणारी मुलं, एकाच वेळी कितीतरी सामने. हिरव्यावर पांढरे ठिपके, काही एकत्र जमलेले, काही पांगलेले. एक ठिपका एकदम धावत सुटतो आणि बाकीचे स्थिर असतात. कुणी झेल घ्यायला पळालं की तुम्ही वेगळीकडे बघत असलात तरी नजर तिकडे वळते, कारण डोळ्याच्या कडेला रंग आणि तपशील नीट कळत नसले तरी हालचाल चटकन कळते. रस्ता ओलांडताना हेच आपल्याला वाचवतं.

ओव्हलला जायच्या वेळेबद्दल एक सांगते. पूर्वेकडच्या गॉथिक इमारतींचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर येतं. दगड मधासारखा पिवळा होतो आणि कमानींच्या आत गडद निळसर सावल्या बसतात. त्याच वेळी डेको इमारतींच्या मागे सूर्य असतो, त्यांचे तपशील पुसले जातात आणि नुसती बाह्याकृती उरते. सकाळी गेलात तर बरोबर उलट. एकच जागा, दोन वेळा, दोन वेगळी चित्रं. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही वेळा नेते आणि संध्याकाळी गेल्यावर हमखास कुणीतरी विचारतं, “बाई, सकाळी हा टॉवर एवढा मोठा नव्हता ना?”

माणसांच्या बघण्याचीही रेषा होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बसस्टॉपवर दहा जण एकाच दिशेला मान वळवून उभे असतील तर बस न पकडणारा माणूसही चालता चालता तिकडे बघतो. दहीहंडीला आमच्या गल्लीत थर लागायला लागले की खालच्या कड्यातले हात, वर चढणाऱ्यांच्या पाठी, गच्चीतल्या माणसांच्या माना, सगळं एका मडक्याकडे बोट दाखवत असतं. खाली रुंद, वर निमुळतं. चित्रकलेत ज्याला त्रिकोणी रचना म्हणतात ती इथे माणसांनी उभी केलेली असते. मुलं स्मरणचित्रात दहीहंडी काढतात तेव्हा थर बरोबर काढतात, पण बघणाऱ्या माणसांचे चेहरे सरळ आपल्याकडे, कागदाबाहेर वळवतात. त्याने चित्र मरतं. तुमच्या मुलीचं एखादं स्मरणचित्र काढून तपासा, गर्दीतली माणसं कुठे बघताहेत ते. मी परीक्षेच्या तयारीत एवढी एक गोष्ट दुरुस्त करून घेते आणि चित्र एकदम जागं होतं.

आता रंग. इथे बघायची गोष्ट वेगळी आहे. रंगाला शेजार असतो, आणि शेजार बदलला की रंग बदलतो. हे म्हणणं नुसतं कवितेतलं नाही. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणारा जुना कारखाना आहे. तिथे रंगाईची जबाबदारी शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तक्रार अशी आली की काळ्या रंगाची लोकर फिकी दिसते. त्याने लोकर तपासली, इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून बघितली, तर रंगात काही खोट नव्हती. विणताना ती काळी लोकर निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी येत होती आणि त्या शेजारामुळे फिकी वाटत होती. पुढे त्याने यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १८३९ साली ते ग्रंथरूपाने मांडलं. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून लांब ढकलतो: गडदाशेजारी फिकं आणखी फिकं होतं, लालाशेजारी राखाडी हिरवट वाटायला लागतं.

आपल्याकडे हे ज्ञान मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर मिळतं. दादरला ज्या दुकानात मी जाते तिथे भिंतभर ब्लाउजच्या कापडाचे गठ्ठे आहेत. नुसत्या हिरव्याचेच पोपटी, शेवाळी, बाटली, पिस्ता, मोरपंखी असे खण भरलेले. गेल्या दिवाळीत मी एक आमसुली रंगाची साडी घेऊन गेले होते, तिचा काठ हिरवा. काउंटरवरच्या माणसाने न बोलता चार ताके काढले. रॅकमध्ये मला ते चारही सारखेच वाटत होते. त्याने साडी काउंटरवर पसरली, पदर बाजूला सारला आणि एकेक कापड काठाला लावत गेला. पहिलं काठाशेजारी येताच पिवळट दिसलं. दुसरं निळसर. तिसरं बरोबर जुळत होतं, पण साडीच्या अंगावर नेऊन ठेवल्यावर इतकं झळाळायला लागलं की साडीच मळकी वाटावी. चौथं रॅकमध्ये अगदी मरगळलेलं, राखेत बुडवल्यासारखं हिरवं होतं. आमसुली अंगावर ठेवल्याबरोबर ते जिवंत झालं. “अंगाला लावून बघायचं ताई, गठ्ठ्यात नाही कळत,” तो म्हणाला, आणि मग ताका उचलून दुकानाबाहेर उजेडात घेऊन गेला. शेव्रलला जे सापडलं ते हा माणूस दिवसातून शंभर वेळा हाताने करतो. तांबूस रंगाने त्या मरगळलेल्या हिरव्यातला हिरवेपणा वर काढला. तेच कापड पोपटी साडीवर ठेवलं असतं तर मातकट दिसलं असतं.

घरी करून बघायचं तर राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक हळदीच्या रंगाच्या कापडावर ठेवा, एक गडद निळ्यावर. मुलीला विचारा, कुठला जास्त गडद आहे. मग दोन्ही चौकोन एकमेकांना जोडून दाखवा. वर्गात या क्षणी प्रत्येक वेळी गलका होतो, आणि मला तो गलका फार आवडतो.

दादरच्या फुलबाजारातही हाच पाठ आहे. पहाटे गेलात तर नुसत्या केशरी झेंडूच्या ढिगासमोर नजर थोड्या वेळात थकते, रंग भडक असूनही सपाट वाटायला लागतो. त्याच झेंडूचं तोरण दोन-दोन फुलांमागे आंब्याचं पान घालून ओवलं की केशरी उठून दिसतो आणि लयही मिळते. अबोलीच्या वेणीत मरवा घालतात तो वासासाठी, हे खरं. पण मरव्याच्या हिरव्याशिवाय अबोलीचा तो नाजूक रंग केसांच्या काळ्यावर नुसता तरंगत राहिला असता. वेणी करणाऱ्या बाईला कुणी रंगचक्र, म्हणजे रंगांचं एकमेकांशी नातं दाखवणारं वर्तुळ, शिकवलेलं नसतं. रंगचक्र वाईट नाही, परीक्षेला लागतं, मुलीला पाठ करू दे. पण चक्रातले रंग शुद्ध असतात आणि रस्त्यावरचे, घरातले, कपड्यांतले रंग मळलेले, उन्हाने उडालेले, सावलीत बुडालेले असतात, आणि आपल्याला बघायचे असतात ते हे.

रंगाहून आधी डोळ्याला कळतो तो उजेड-अंधाराचा फरक, ज्याला आम्ही छायाभेद म्हणतो. तो बघायची जुनी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील विरघळतात आणि गडद-फिक्याचे मोठे तुकडे उरतात. पेडर रोडवर किंवा लालबागच्या पुलावर कोंडीत सापडलात की करून बघा: चंदेरी, राखाडी, पांढऱ्या गाड्या एकमेकींत विरघळतात आणि काळी-पिवळी टॅक्सी राहते. पिवळा हा रंगांमधला सगळ्यात उजळ, काळा सगळ्यात गडद, आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही. जुन्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या तेव्हा लोक हळहळले. त्यात आठवणींचा भाग होताच, पण मला वाटतं डोळ्याचाही होता. या शहराच्या धुळकट राखाडी रस्त्यावर नजरेला टेकायला जे काही होतं त्यात ते पिवळं छप्पर होतं.

उजेडाबद्दल बोलताना सा. ल. हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र सांगायलाच हवं: हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसऱ्या तळव्याने ज्योत आडोशाला धरलेली. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे, छापील प्रती मराठी घरांतून पुष्कळ होत्या. बोटांच्या फटींतून लालसर प्रकाश झिरपतो, तिथून नजर उजळलेल्या चेहऱ्याकडे जाते, मग साडीवरून अंधारात उतरते आणि पुन्हा ज्योतीकडे परत येते. हे तुमच्या घरीही घडतं. दिवेलागणीला देवघरातली समई लावून ट्यूबलाइट दोन मिनिटं बंद ठेवा आणि दिव्याभोवती हात धरा. बोटांच्या कडा लाल होतात. ते आधी बघावं, चित्र नंतर.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट बघायला मिळते, आणि ती मला दरवर्षी बघावीशी वाटते. फुललेल्या गुलमोहराखाली संध्याकाळी पावणेसातपासून तासभर थांबा. सूर्य असेतो फुलं पेटलेली असतात आणि पानं त्यांच्यामागे दबलेली. सूर्य बुडून उजेड उतरायला लागला की फुलांचा लाल हळूहळू विझतो, तपकिरी होतो, शेवटी काळपट पडतो. आणि दिवसभर मागे राहिलेली पानं फुलांपेक्षा उजळ दिसायला लागतात. झाड तेच असतं. अंधारात बघण्याचं काम डोळ्यातल्या वेगळ्या पेशी करतात, आणि त्यांना लाल रंग जवळजवळ कळत नाही, निळा-हिरवा जास्त कळतो. झेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे फुलांवरच टिपलं होतं, म्हणून या परिणामाला त्यांचं नाव आहे. रात्रीच्या चित्रात मुलं लाल साडी भडक लाल रंगवतात आणि ती चिकटवल्यासारखी दिसते. गुलमोहर एकदा बघितला की पुन्हा तसं करत नाहीत.

मरीन ड्राइव्हचे दिवेही असेच. २०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मोठी ओरड झाली आणि पुढे पिवळसर दिवे परत आले. बरेच जण म्हणाले, ही नुसती जुन्याची ओढ आहे. मला तसं वाटत नाही. रात्रीचा समुद्र निळा-काळा असतो, आणि रंगचक्रात निळ्याच्या समोरचा रंग केशरी-पिवळा. त्या विरोधामुळे दिव्यांची माळ पाण्यापासून सुटी होऊन उठून दिसते, आणि वळणावरून नजर मलबार हिलपर्यंत सहज जाते. पांढऱ्या उजेडात ती वाट अंधुक झाली होती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. बेचाळीस हे वय यासाठी अजिबात जास्त नाही. माझ्याकडे अडुसष्टाव्या वर्षी आलेले एक गृहस्थ आहेत, त्यांचा हात अजून थरथरतो, रेष सरळ येत नाही, पण ते जे बघून येतात ते ऐकायला वर्ग थांबतो. रोज एकच गोष्ट बघा. सोमवारी फक्त तिरक्या रेषा, मंगळवारी फक्त लाल रंग कुठे कुठे आहे, बुधवारी कोण कुठे बघतंय. घरी जाऊन मुलीला तोंडी सांगा. सुरुवातीला मोबाइल खिशात ठेवा, कारण फोटो काढला की बघायचं काम संपल्यासारखं वाटतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीन-तीन भाग करणाऱ्या रेघा येतात, मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायची, या नियमाबद्दलही लोक विचारतात. सुरुवातीला बरा आहे, त्याच्या फार आहारी जाऊ नका.

एक साधन मात्र करून ठेवा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्यातून पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि त्याच्या मध्ये साधारण सहा सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरची खिडकी कापा. एक डोळा मिटून त्यातून बघा. पुठ्ठा जवळ आणला की खूप काही मावतं, लांब नेला की थोडंच. आडवा धरा, उभा धरा. चौकटीच्या कडेवर काय कापलं जातंय ते मुलीला सांगायला लावा. माझ्या विद्यार्थ्यांना व्याख्या कळण्याआधी समतोल या पुठ्ठ्यातून कळतो: राजाबाई टॉवर चौकटीच्या अगदी डाव्या कडेला नेला की उजवीकडे काहीतरी हवंसं वाटतं, एखादं झाड, एखादा धावणारा पांढरा ठिपका, आणि ते सापडेपर्यंत हात आपोआप सरकत राहतो.

येत्या रविवारी तिला घेऊन ओव्हलला जा. चारच्या सुमारास पोहोचलात तर ऊन बदलताना दिसेल. पूर्वेकडचं एक आणि पश्चिमेकडचं एक अशी तळहाताएवढी दोन चित्रं तिला पेन्सिलीने काढू दे, तुम्हीही काढा. पावसात गेलात तर मैदानात चिखल असतो, तेव्हा मधली पायवाट सोडू नका.